मंजिरीच्या कागदावरची एकनाड

१

नरहरीबुवांच्या पोह्यांच्या बशीखाली कुमुदताईंनी तो कागद मुद्दामच ठेवला होता. ज्या कागदाने घरातलं जवळजवळ ठरलेलं लग्न मोडलं, त्याला टेबल पुसायच्या फडक्याहून जास्त मान द्यायची त्यांची तयारी नव्हती. बुवांनी पोहे संपवले, बशी उचलली आणि कागद चष्म्याजवळ नेला.

"हे कोणं लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"समाजाच्या कम्प्युटरनं. वधू-वर मेळाव्यात. अजून कोण लिहिणार?"

रायपूरच्या 'स्नेहवर्धिनी समाजा'चा तो छापील कागद होता. वर दोन फोटो, मंजिरी सरोदे आणि आशय ढोबळे, नावं बरोबर, जन्मतारखा बरोबर. खाली ठळक अक्षरांत गुण साडेआठ, आणि त्याखाली शेरा: एकनाड, विवाह योग्य नाही. एवढंच. नक्षत्र, गण, योनी असलं काही त्यावर नव्हतं, कारण ते छापलं की लोक टेबलापाशी वाद घालत बसतात, म्हणून समाजानेच ते काढून टाकायला लावलं होतं.

"या दोघायच्या पत्रिका मीच मांडल्या," बुवा म्हणाले. "पोट्टीचं रोहिणी, पोट्ट्याचं हस्त. रोहिणी अंत्य नाडीत, हस्त आद्य नाडीत. एकनाड होईनच कशी?" त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. "सव्वीस गुण आहेत, कुमुदताई. चांगले सव्वीस. आन हे रोहिणी-हस्त मी आत्ताआत्ताच कोणाले तरी सांगितलं ना बाप्पा. फोनवर. हिंदीत बोलत होता कोणी पोट्टा. कोण होता, ते डोक्यातून गेलं."

कुमुदताईंचं त्या शेवटच्या बोलण्याकडे लक्ष गेलं नाही. त्या दाराकडे बघत होत्या. शाळेत शिकवून आलेली मंजिरी खांद्यावरची पिशवी न काढता दारात उभी होती, आणि तिने सगळं ऐकलं होतं.

२

मंजिरी कुमुदताईंच्या भावाची मुलगी. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून आत्याकडेच वाढली. आत्या रेल्वेत होत्या, प्रवाशांच्या तक्रारींची चौकशी करणं हे त्यांचं काम. डब्यातली बॅग कोणी नेली, रिझर्व्हेशन असलेल्या बाईला कोणी उठवलं, खरं कोण बोलतो आणि रडून कोण दाखवतो, हे ऐकण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर ती सवय सुटली नाही, फक्त तक्रारी घरच्या झाल्या.

आशयचं स्थळ त्यांनीच आणलं होतं. दोन्ही घरांच्या संमतीने तो आणि मंजिरी कित्येक महिने बोलत होते, भेटत होते. गुण पाहणं हा नुसता उपचार उरला होता, आणि आशयची आई शांताबाई म्हणाल्या म्हणून तोही मेळाव्यात उरकून घ्यायचा होता. कागद निघाला आणि आशयने त्या दिवसापासून फोन उचलला नाही. आता पुढच्या आठवड्यात त्याचं लग्न होतं, पूर्णिमा नावाच्या मुलीशी. तिचेही गुण त्याच मेळाव्यात पाहिले होते.

बुवा गेल्यावर मंजिरी आत्यासमोर बसली.

"आत्या, मले लग्न परत नको. कोणाशी भांडूही नको. एवढंच शोधून दे, की हे आशयनं करवलं का. त्याले नाही म्हणायचं होतं आणि तोंडानं म्हणता नाही आलं, म्हणून कोणाच्या हातापाया पडून हा कागद काढला का?"

"आन नसलं केलं तर?"

"तर तो खोटा नव्हता. मले तेवढं पुरे."

पोरीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, म्हणून कुमुदताईंना जास्तच वाईट वाटलं. त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

३

शांताबाई सापडल्या गोलबाजारात, भांड्यांच्या दुकानात. लग्नासाठीचा तांब्याचा हंडा त्या बोटाने वाजवून बघत होत्या. कुमुदताईंना बघून त्यांचा हात थांबला.

"कुमुदताई, तुम्ही रागावल्या असान."

"रागावली तर आहेच. पण विचारायले आली. मंजिरीचा कागद निघाल्या निघाल्या तुम्ही दुसरी पत्रिका पुढं केली. ती पर्समध्ये तयारच होती?"

शांताबाईंनी हंडा खाली ठेवला. दुकानदाराला ऐकू जाऊ नये इतक्या हळू त्या बोलल्या. "पूर्णिमाच्या आईनं सकाळी हातात कोंबली होती. मी नाही म्हणाली होती. मंजिरी मले पसंत होती हो, देवाशपथ. पण एकनाड निघाली आन मी घाबरली. माझी आन यांची एकनाडच होती. कोणं पाहिलीच नव्हती तेव्हा. चार वर्षांत हे गेले, सगळं संपलं. आशय तेव्हा रांगत होता."

कुमुदताईंनी हंडा बाजूला सरकवला.

"मंग मी कम्प्युटरवरच्या भावनाले म्हटलं, बाई, हिची पण पाहून दे. कागद लगेच आला. सव्वीस गुण. मले वाटलं, देवानंच सांगितलं."

"किती म्हणाल्या?"

"सव्वीस. काहून?"

"काही नाही. आशय कुठं होता?"

"एकनाड ऐकली आन बाहेर गाडीपाशी जाऊन उभा राहिला. मशीनजवळ तर तो आलाच नाही सकाळपासून."

बाई खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारा माणूस आपलं दुःख आधी काढतो आणि उत्तर नंतर देतो. शांताबाईंनी विचारल्याचं उत्तर आधी दिलं होतं. पण सव्वीसचा आकडा कुमुदताईंच्या कानात अडकून बसला. एका दिवसात दोनदा ऐकला होता, दोन वेगळ्या मुलींसाठी.

४

मेळाव्यात कम्प्युटरवर बसली होती भावना. ती कम्प्युटर क्लास चालवते आणि समाजाचं काम फुकट करते, त्यामुळे समाजातला प्रत्येकजण तिच्यावर ओरडू शकतो. कुमुदताई आल्या तेव्हा ती आधीच रडकुंडीला आलेली होती. कागद चुकीचा होता ही बातमी बुवांनी तोवर अर्ध्या रायपूरला सांगितली होती.

"काकू, मी काहून करू असं? आकडा हातानं टाकताच येत नाही त्यात. नाव, तारीख, वेळ, जन्मगाव टाकायचं आणि बटन दाबायचं. बस. जोपर्यंत उत्तर येत नाही तोपर्यंत आपण बुद्धूसारखं बघत राहायचं."

"त्या दिवशी काय काय झालं, पहिल्यापासून सांग."

"जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी सुशील आणि राधिकाचा नंबर होता. गुढियारीतला सुशील, त्याचे बाबा रेल्वेत गार्ड होते. त्यांचं टाकलं आणि प्रोग्राम पार ठप्प. एक बटन दाबलं जाईना. कितीतरी वेळानं 'पुन्हा प्रयत्न करा' असं आलं. मागे ही रांग. मी म्हटलं, दादा, तुम्ही थोडं बसा, मी नंतर करते. मग मंजिरीदीदीचं टाकलं."

"आन ते किती वेळात आलं?"

भावनाचा चेहरा पहिल्यांदा थोडा उजळला. "एकदम, काकू. बटन दाबलं की कागद. एरवी प्रत्येक जोडीला चहा निवेपर्यंत थांबावं लागतं. मला वाटलं, एकदा अडकून मशीन ठीक झाली. पूर्णिमादीदीचंही असंच झटक्यात आलं. तुळशीरामकाका तर म्हणाले, वा, क्या स्पीड है."

तुळशीराम म्हणजे समाजाचे सचिव. त्यांना वेगाशिवाय कशाचंच कौतुक नाही.

"मग?"

"मग जेवणाची सुट्टी झाली. मशीन बंद केली. जेवणानंतर लावली तर पुन्हा तशीच रटाळ." भावनाने नाक पुसलं. "काकू, माझ्या हातात काहीच नव्हतं. प्रोग्रामच्या आत हात घालता येतो तो फक्त अभिनवला, तोच समाजासाठी त्यात दुरुस्त्या करतो. आणि अभिनवचं तुम्हाला माहीतच आहे."

ते कुमुदताईंना माहीत होतं. अभिनवने एकदा मंजिरीला मागणी घातली होती, आणि मंजिरीने त्याला नाही म्हटलं होतं.

५

"सगळे म्हणून राहिले की मीच केलं," दार उघडता उघडता अभिनव म्हणाला. "तुळशीरामकाकांचा फोन आला होता. समाजाच्या सभेत बोलावून माफी मागायला लावणार आहेत."

"तू केलं का?"

"नाही, काकू. मंजिरीनं नाही म्हटलं, ते तिथंच संपलं. तिचं वाईट करून मला काय भेटणार होतं?" त्याने लॅपटॉप उघडला. "हे बघा. मी सकाळपासून तिची माहिती टाकून राहिलो."

थोडा वेळ गेला, मग पडद्यावर आलं: सव्वीस गुण, विवाह योग्य. त्याने पुन्हा टाकलं. पुन्हा थांबणं, पुन्हा सव्वीस.

"गणित बरोबर आहे. मग त्या दिवशी चुकलं कसं? कोणी मुद्दाम केल्याशिवाय होणारच नाही. आणि मुद्दाम करू शकणारा मी एकटा." तो हसला, पण ते हसू बघवत नव्हतं. "मी स्वतः चौकशी केली असती तर मीच मला पकडलं असतं."

कुमुदताईंनी खुर्ची ओढली. "मले समजावून सांग, हे चालते कसं. सावकाश."

अभिनवने सांगितलं. समाजाचा मूळ प्रोग्राम जुना, जावास्क्रिप्टमध्ये दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेला. त्याची सवय सरळ: एक ओळ पूर्ण झाल्याशिवाय पुढची ओळ नाही. विचारलं की तिथल्या तिथे उत्तर पाहिजे. पण आता गुण काढायचे तर जन्मगावाचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवरून शोधावे लागतात, आणि इंटरनेटवरचं काम म्हणतं, तू पुढे हो, मी नंतर सांगतो. अशा कामाला असिंक्रोनस म्हणतात. जुना प्रोग्राम 'नंतर' समजतच नाही. सगळाच नव्याने लिहावा लागला असता, आणि समाजाला तर कागदाची वेलबुट्टीसुद्धा बदललेली चालत नव्हती.

"म्हणून मी आत एक मदतनीस बसवला. वर्कर थ्रेड म्हणतात त्याला. समोरचा प्रोग्राम त्याच्या हातात प्रश्न देतो आणि झोपतो. खरोखर झोपतो, काकू, म्हणून तर बटन दाबलं जात नाही. मदतनीस आतल्या खोलीत सगळी शोधाशोध करतो, उत्तर खिडकीत ठेवतो आणि दोघांच्या मधल्या पाटीवर लिहितो, झालं. पाटीवर 'झालं' दिसलं की समोरचा उठतो, खिडकीतलं उत्तर उचलतो. त्याला वाटतं, उत्तर लगेचच मिळालं."

"आन मदतनीस आलाच नाही तर? हा झोपूनच राहणार?"

"आधी तसंच होतं. तुळशीरामकाका ओरडले, म्हणून मी मर्यादा घातली. तेवढ्या वेळात पाटीवर काही दिसलं नाही, तर 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणून उठतो."

कुमुदताई उठल्या. या पोराला त्या लहानपणापासून ओळखत होत्या, आणि तो खरं बोलत होता. मुश्कील हीच होती की आतापर्यंत सगळेच खरं बोलत होते.

६

मशीन जिथून अडकली तिथून सुरुवात करावी म्हणून कुमुदताई गुढियारीत सुशीलच्या घरी पोचल्या, तर हातात पेढा आला.

"हे कशाचं?" त्यांनी विचारलं.

"राधिकाचं आणि माझं जमलं ना, मावशी," सुशील म्हणाला. रेल्वे लाइनजवळचं घर. मालगाडी जात होती, म्हणून दोघांनाही जरा जोरात बोलावं लागत होतं.

"गुण जुळले?"

"पाह्यलेच नाही. त्या दिवशी मशीन अडकली, भावनादीदी म्हणाली बसा. राधिका म्हणाली, बसून काय करता, चला चहा पिऊ. चहा पिता पिता बोलणं झालं, आणि मग परत कागद काढायले जायची आठवणच राहिली नाही. आईले सांगितलं, चांगले निघाले." तो जीभ चावून हसला. "तुम्ही नका सांगू तिले."

"नाही सांगत. तुझं जन्मगाव कोणतं लिहिलं होतं फॉर्मवर?"

आतून त्याच्या आईचाच आवाज आला. "गावच नाही ना, ताई. चालत्या गाडीत झाला तो. गोंदिया आन डोंगरगडच्या मधात. त्या गाडीवर यांचीच ड्यूटी होती, मी तिनंच माहेराहून येऊन राहिली होती. मी म्हटलं, पत्रिकेचं काम आहे, खोटं गाव नाही लिहायचं. जसं आहे तसंच लिहा."

चालती गाडी, गोंदिया ते डोंगरगडच्या मधात. अशा गावाचे अक्षांश-रेखांश शोधायला गेलेल्या त्या बिचाऱ्या मदतनिसाचं काय झालं असेल, याचा कुमुदताई विचार करू लागल्या, आणि पेढा हातातच राहिला. मालगाडी निघून गेली होती. त्यांनी सुशीलकडून दोघांच्या जन्माची माहिती लिहून घेतली आणि तिथूनच अभिनवला फोन लावला.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी समाजाच्या हॉलमध्ये चौघे जमले. अभिनव आणि भावना एकमेकांकडे न बघता बसले होते. नरहरीबुवांना कुमुदताईंनी रिक्षा पाठवून आणलं होतं.

"बुवा, आधी तुम्ही. सुशील आणि राधिका." त्यांनी माहिती पुढे केली.

बुवांनी जवळचं गाव धरलं, पंचांग उघडलं, पेरं मोजली आणि मान हलवली. "एकनाड आहे. गुण साडेआठ."

भावनाने तोंडावर हात ठेवला. अभिनव खुर्ची ओढून पुढे सरकला.

"आता ऐका," कुमुदताई म्हणाल्या. "मंजिरीचे खरे गुण सव्वीस, कागदावर आले साडेआठ. साडेआठ कोणाचे? तिच्या आधी बसलेल्या सुशीलचे. पूर्णिमाच्या कागदावर आले सव्वीस. सव्वीस कोणाचे? तिच्या आधीच्या मंजिरीचे. कोणं काही बदललं नाही. प्रत्येक उत्तर एक घर पुढं सरकलं. अभिनव, तुझा समोरचा झोपून झोपून कंटाळला आणि 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणून उठला. पण आतल्या मदतनिसाले कोणं सांगितलं का, की बाबा, आता राहू दे?"

अभिनवने नकारार्थी मान हलवली.

"तो बिचारा गोंदिया-डोंगरगडच्या मधातलं गाव शोधतच राहिला. शेवटी काहीतरी जवळचं धरून उत्तर आणलं आणि खिडकीत ठेवलं. पाटीवर लिहिलं, झालं. तोपर्यंत इकडे भावना सुशीलले बसा म्हणत होती. मग तिनं मंजिरीचं टाकलं, तर पाटीवर 'झालं' आधीच लिहिलेलं. समोरच्याले झोपायचं कामच पडलं नाही. खिडकीत जे होतं ते उचललं. मंजिरीचं उत्तर मागून खिडकीत आलं, ते पूर्णिमाच्या वाट्याला गेलं. म्हणून मशीन धावत होती. जेवताना बंद केली तेव्हा पाटी पुसली गेली आणि गाडी रुळावर आली."

"टाकून बघू," अभिनव म्हणाला.

भावनाने हात पुसून सुशीलचं जन्मस्थान जसंच्या तसं टाकलं. प्रोग्राम ठप्प झाला. सगळे वाट बघत बसले, मग 'पुन्हा प्रयत्न करा' आलं. थोडं थांबून तिने मंजिरी आणि आशय टाकलं. बटन दाबताच कागद बाहेर आला. साडेआठ गुण, एकनाड. मग आशय आणि पूर्णिमा. पुन्हा लगेच. सव्वीस.

अभिनवने दोन्ही तळहातांत तोंड घातलं. "उत्तरावर कोणाचं नावच नव्हतं, काकू. प्रश्न जाताना त्याला एक नंबर लावायचा, उत्तर येताना तोच नंबर आहे का ते बघायचं, नसला तर फेकून द्यायचं. दोन ओळींचं काम. मला वाटलं, आत एकच मदतनीस आहे, एका वेळी एकच प्रश्न आहे, अदलाबदल कशी होणार?"

बोलण्यासारखं त्याने स्वतःच बोलून टाकलं होतं, आणि तो रडत होता. भावनाने पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

कुमुदताईंना हलकं वाटलं. कोणी लबाडी केली नव्हती. आशयने तर नाहीच. मंजिरीला हे सांगता येणार होतं. बुवा तेवढ्यात आशय आणि पूर्णिमाचे खरे गुण मोजायला बोटं उचलत होते.

"ते नका मोजू, बुवा."

"बरं," बुवा म्हणाले. "पण मी सव्वीस सांगितले ते बरोबर होते ना. त्या फोनवाल्या पोट्ट्यालेही मी हेच सांगितलं होतं."

कुमुदताईंचा पर्स बंद करणारा हात तसाच राहिला. "तो फोन कधी आला होता, बुवा?"

"आता कसं सांगू. हां, आशय-पूर्णिमाच्या साखरपुड्याले नेसायचं धोतर इस्त्रीवाल्याकडं होतं. साखरपुडा व्हायचा होता तेव्हा."

रोहिणी आणि हस्त. या दोन नक्षत्रांचं कोण विचारणार? ज्याच्याकडे दोन्ही पत्रिका आहेत तो. आपल्या घरातून कोणी विचारलं नव्हतं. शांताबाईंना देवाने सांगितलं होतं, त्या बुवांना कशाला विचारतील? आणि विचारणारा पोट्टा होता, हिंदीत बोलला. कुमुदताई खाली बसल्या. बुवांनी पहिल्याच दिवशी, पोहे खाऊन झाल्यावर, हे सांगितलं होतं आणि त्यांनी ऐकलं नव्हतं.

८

नव्या रायपूरचे रस्ते रुंद आणि माणसं कमी. बस वेळेवर आली नाही, म्हणून कुमुदताई आशयच्या ऑफिसपाशी पोचल्या तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. तो खाली आला. बारीक झाला होता. लग्न तोंडावर आलेली मुलं अशी दिसत नाहीत.

"बुवांना फोन तूच केला होता," त्या म्हणाल्या. विचारलं नाही.

आशयने नजर रस्त्याकडे वळवली. "हां. मैंने ही किया था."

"मराठीत बोल. माझ्यासमोर लपू नको."

"मला खात्री करायची होती, आत्या. मशीनवर विश्वास बसत नव्हता. म्हटलं, नाव न सांगता नक्षत्रं विचारून घेऊ. त्यांनी सांगितलं, सव्वीस, चांगलं आहे, करून टाका." त्याने गळ्यातलं ऑफिसचं कार्ड काढून खिशात टाकलं. "पण तोपर्यंत आईनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. पूर्णिमाच्या घरी पाहुणे येऊन राहिले होते. आई इतक्या दिवसांनी हसत होती. मी म्हटलं, आता क्या बोलूँ, किसको बोलूँ."

"मंजिरीले बोलायचं होतं. ती फोन करत होती."

"उचलला असता तर सांगावं लागलं असतं."

कुमुदताईंना त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. दोन्ही केलं नाही. मशीनचं सगळं सांगितलं, आणि हेही सांगितलं की पूर्णिमाच्या कागदावरचे सव्वीस गुण त्याचे आणि मंजिरीचेच होते.

तो पांढराफटक पडला. "आणि पूर्णिमाचे खरे किती?"

"मी बुवांना मोजू नाही दिले. आईले सांगायचं का, पूर्णिमाले सांगायचं का, ते तू ठरव. पण कोणाले तरी तोंडानं सांग, आशय. यावेळी तरी."

कुमुदताई स्टॉपकडे चालू लागल्या तरी तो तिथेच उभा होता.

९

परतीच्या बसमध्ये कुमुदताईंनी उत्तर तयार केलं. आशयने कागद करवला नाही, मशीनची चूक होती, अभिनव निर्दोष आहे. यातला शब्द न् शब्द खरा होता. मंजिरीने एवढंच तर विचारलं होतं, आणि तेवढ्याचंच उत्तर दिलं तर पोर त्याला चांगला म्हणत पुढे निघून गेली असती.

मंजिरी पेपर तपासत होती. लाल पेन ठेवून तिने सगळं ऐकलं. सुशीलची चालती गाडी ऐकून तिला किंचित हसूही आलं. मदतनीस, खिडकी, पाटी, सगळं तिला पटकन समजलं, गणिताचीच शिक्षिका ती.

"म्हणजे त्यानं नाही केलं," ती म्हणाली. तिचा चेहरा किती दिवसांनी मोकळा झाला होता.

"नाही केलं."

"त्यालेही माहीत नव्हतं."

कुमुदताई गप्प बसल्या. एक क्षणच, पण लोकांच्या गप्प बसण्यातून खरं काढायचं याच आत्याने मंजिरीला शिकवलं होतं.

"आत्या, त्याले माहीत होतं?"

"मागून समजलं. बुवांना विचारलं त्यानं."

"मागून म्हणजे? साखरपुड्याच्या आधी की नंतर?"

नंतर म्हणणं सोपं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं पकडलं, एकदा आपलं खपून गेलं असतं.

"आधी," कुमुदताई म्हणाल्या.

मंजिरीने मान खाली घातली. पहिल्यांदाच रडली, आवाज न करता. पेपरवर पाणी पडू नये म्हणून तिने गठ्ठा बाजूला केला.

"सगळं मशीननंच केलं असतं ना, आत्या," ती म्हणाली, "तर मी थांबली असती त्याच्यासाठी. त्यानं फोन नसता उचलला तरी. त्याचं लग्न झालं असतं तरी मनात थांबलीच असती."

"आन आता?"

"आता नाही."

ज्या पोरीला दिलासा द्यायला त्या निघाल्या होत्या, तिचं उरलंसुरलंही त्यांनीच नेलं होतं. खरं सांगितल्याचा कुमुदताईंना जन्मात पहिल्यांदा पश्चात्ताप झाला, आणि दुसरं काही सांगायला हवं होतं असंही त्यांना म्हणता येईना. त्या तिच्याजवळ जाऊन बसल्या. मंजिरीने डोळे पुसले, गठ्ठा पुन्हा पुढ्यात ओढला आणि पुढचा पेपर तपासायला घेतला.